प्वेब्लाची ‘चिना’ मुळात भारतातली!

मेक्सिकोतलं प्वेब्ला शहर स्पॅनिश लोकांनी १५३१ मध्ये वसवलं. सरळ आखलेले रस्ते, रंगीत तालावेरा फरशांनी मढवलेल्या भिंती... फोटो काढून हात दुखतील. पण तिथे गेलात तर मुख्य चौकाजवळच्या जेझुइट चर्चमध्येही जरूर डोकवा. भारतात जन्मलेल्या एका बाईला तिथे पुरलंय.

तिचं मूळ नाव मिर्रा. तिच्या चरित्रकारांनी लिहिलंय, की पोर्तुगीज चाच्यांनी तिला लहानपणीच पळवलं. कोचीनमध्ये बाप्तिस्मा झाला आणि ती कातारिना दे सान हुआन झाली. मग मनिलामार्गे, अख्खा पॅसिफिक ओलांडून, १६२० च्या सुमारास ती प्वेब्लात पोचली. गुलाम म्हणून.

तिला दृष्टांत होतात, असं म्हणत लोक तिला संत मानू लागले. १६८८ मध्ये ती वारली, तेव्हा मोठी गर्दी लोटली. पण गोव्यामुळे आपल्याला माहीत असलेलं इन्क्विझिशन मेक्सिकोतही होतं. त्यानं आधी तिच्या चित्रांवर आणि मग चरित्रावर बंदी घातली.

बरं, ‘चिना’ का? तेव्हा तिथे आशियातून आलेल्या कुणालाही ‘चिनो’ म्हणायचे. आज ‘चिना पोब्लाना’ म्हटलं की मेक्सिकोचा प्रसिद्ध झगमगीत घागरा आठवतो. तो तिनंच आणला, असं सांगतात. पण तो पोशाख तिच्या खूप नंतरचा, आणि ती तर अगदी साधी राहायची.

म्हणजे बघा, आधी घर गेलं, मग नाव, मग देशही बदलला. तेवढं तिचं खरं नाव लक्षात ठेवा: मिर्रा.