‘साहस’ कोणाचे? : विधवांचे गुप्त प्रेम आणि वऱ्हाडातील एक निबंध

अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे गाव मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर वसले आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचे मंदिर असून गावाचे नाव त्या देवीवरूनच पडले, असे परंपरा सांगते. ‘बाला’ म्हणजे कुमारी. एका कुमारिकेच्या नावाने गाव वसावे आणि त्याच शब्दातून ‘बालविधवा’ हा समासही सिद्ध व्हावा, यात भाषेच्या दृष्टीने नवल काहीच नाही. समाजाच्या दृष्टीने मात्र विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. बाळापूरच्या पश्चिमेला बुलढाणा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या मुख्य गावी राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. तरुण स्त्रीपुरुषांचे गुप्त संबंध, त्यांतून ओढवणारा घात आणि त्या घाताचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा, हा त्या पुस्तकाच्या मुळाशी असलेला प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा ऐतिहासिक आणि भाषिक अंगाने विचार केला आहे.

वऱ्हाडच्या वाङ्मयीन परंपरेला गुप्त प्रेम अपरिचित नाही. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. घरच्यांनी ठरविलेला विवाह नाकारून तिने ब्राह्मणाच्या हाती कृष्णाकडे गुप्त निरोप पाठविला आणि भर लग्नसमारंभातून ती त्याच्याबरोबर निघून गेली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धपूर येथे महदाइसेने ‘धवळे’ रचले, ते याच प्रसंगावर. महदाइसा स्वतः बालविधवा होती. जिचा संसार उमलण्यापूर्वीच सरला, तिनेच मराठीतील आद्य विवाहगीते गावीत आणि तीही एका गुप्त निरोपाची व पलायनाची, ही गोष्ट नुसती योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही. रुक्मिणीची गुप्तता कथेत वंद्य ठरली, याची कारणे दोन. निरोप पोहोचविणारा विश्वासू मनुष्य तिला लाभला. आणि ज्याला निरोप पाठविला तो पुरुष सर्वांच्या देखत पुढे आला. यांपैकी एक जरी गोष्ट घडली नसती, तरी तीच कथा शोकान्त झाली असती.

एकोणिसाव्या शतकातील ज्या घटनांचा येथे विचार करावयाचा आहे, त्यांत नेमक्या याच दोन गोष्टींचा अभाव आढळतो. त्यांपैकी पहिली घटना १८६३ च्या सुमाराची आहे. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा जोतीराव फुले यांच्या एका ब्राह्मण मित्राच्या घरी स्वयंपाकाचे काम करीत असे. एका शास्त्र्याशी तिचा संबंध आला आणि तिला गर्भ राहिला. गर्भ पाडण्याचे प्रयत्न फसले. मूल जन्मल्यावर तिने ते मारून विहिरीत टाकले. थोड्याच दिवसांत प्रकार उघडकीस आला, खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ही हकीकत फुले यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी सरकारला लिहिलेल्या निवेदनात दिली आहे. मलबारी यांच्या बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणांविषयी सरकारने मते मागविली, तेव्हाचे हे निवेदन होय.

दुसरी घटना १८८१ ची, सुरत भागातील. विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेने लोकलज्जेस्तव आपले नवजात मूल मारले, म्हणून सत्र न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सांगितली. अपिलात ती शिक्षा जन्मठेपेवर आली आणि पुढे आणखी कमी करून पाच वर्षांची करण्यात आली. या खटल्याने मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांत मोठा वाद माजला. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ पत्राने या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर आग पाखडली. ताराबाईंचा निबंध हे त्या लिखाणाला दिलेले उत्तर होते.

या घटनांकडे पाहण्याची रूढ दृष्टी सरळ आहे. तरुण वय, विकारांचा आवेग, अविचार, मग तो लपविण्याची धडपड आणि शेवटी सर्वनाश, अशी ती कार्यकारणांची साखळी होय. तिच्यात आवेग हे कारण आणि गुप्तता हा त्याचा परिणाम ठरतो. परंतु तत्कालीन कायदा आणि रूढी एकत्र ठेवून पाहिल्या, तर हा क्रम टिकत नाही.

१८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह वैध ठरविला, हे सर्वश्रुत आहे. तेव्हा काशीबाईला किंवा विजयालक्ष्मीला उघड मार्ग मोकळा होता, असा आक्षेप कोणी घेईल. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क काढून घेतला होता. त्यात जातीचा बहिष्कार वेगळाच. म्हणजे उघड मार्गाने जाणाऱ्या स्त्रीला अन्न, आसरा आणि आप्त या तिन्ही गोष्टी पहिल्याच पावलावर गमवाव्या लागत. गुप्त मार्गावर हेच नुकसान पुढे ढकलले जाई आणि कदाचित टळेलही, अशी आशा राही. अशा स्थितीत दुसरा मार्ग पत्करणाऱ्या स्त्रीला केवळ आवेगाच्या आधीन झालेली म्हणणे कठीण आहे. तिच्यापुढे दोन तोटे होते. त्यांपैकी दूरचा तिने निवडला.

याला वऱ्हाडातच एक प्रतिदाखला सापडतो. कुणबी आणि इतर अनेक जातींत विधवेचा ‘पाट’ लावण्याची रीत होती. पाटाला लग्नाइतकी प्रतिष्ठा नव्हती. तो बहुधा रात्री, अंधारात लावीत. सवाष्णींनी त्या वधूचे तोंड पाहू नये, असाही समज असे. तरीही पाट जातीला मान्य होता, त्यातून झालेली संतती औरस समजली जाई आणि पुरुषाचे नाव चारचौघांत घेतले जाई. तारुण्य, एकाकीपणा आणि मनाची ओढ या गोष्टी काही जातीजातींत वेगळ्या नसतात. वेगळी होती ती त्या ओढीला उघड रूप देण्याची सोय. जेथे अंधारातला का होईना, पण मान्य असा विधी होता, तेथे विहिरीपर्यंत जाण्याची वेळ तितक्या सहजी येत नसे. जेथे तो नव्हता, तेथे गुप्तता ही प्रेमिकांनी केलेली निवड राहत नाही. ती समाजाने आधीच घालून ठेवलेली अट ठरते.

कायद्यानेही या गुप्ततेकडे विशेष लक्ष पुरविले होते. इंग्लंडमध्ये १६२४ च्या एका कायद्याने, अविवाहित स्त्रीने आपल्या मृत मुलाचा जन्म लपविला, तर ते मूल मृतच जन्मले हे तिने सिद्ध न केल्यास लपविणे हाच खुनाचा पुरावा मानण्यात येत असे. १८०३ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि जन्म लपविणे हा स्वतंत्र, सौम्य अपराध ठरला. त्याचेच प्रतिबिंब १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३१८ व्या कलमात उतरले. मृत मुलाचे शरीर गुप्तपणे पुरून वा अन्यथा नाहीसे करून जन्म लपविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा त्यात सांगितली आहे. कलमाची भाषा स्त्रीपुरुषभेद करीत नाही; पण गर्भ देहावर वागविणारी व्यक्ती एकच असल्यामुळे व्यवहारात त्याचा रोख कोणाकडे वळणार, हे उघड होते.

फुले दांपत्याने याच सुमारास पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे. मूल न्यावे की ठेवावे, हे त्यांच्या खुशीवर राहील, अशा आशयाच्या जाहिराती त्यांनी रस्त्यांवर लावल्या. येथे एक बारीक पण महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावयास हवा. फुल्यांनी गुप्तता मोडली नाही. त्यांनी ती एकटीची राहू दिली नाही. रुक्मिणीला निरोप्या मिळाला होता, तशी या स्त्रियांना सावित्रीबाई मिळाली. परंतु ही मदत बहुतेकींपर्यंत उशिरा पोहोचत होती, असे फुल्यांनीच दिलेल्या आकड्यांवरून दिसते. १८८४ पर्यंत त्या गृहात ३५ विधवा बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली आणि ३० दगावली. गर्भ पाडण्यासाठी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी मुलांना पोटातच इजा झाली होती, हे त्याचे कारण फुले देतात. गृहाच्या दाराशी येण्यापूर्वी जे महिने त्या स्त्रियांनी एकटीने काढले, त्या महिन्यांनीच मुलांचे मरण ठरविले होते. फुल्यांनी पुढे अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला, तेव्हा त्या अपवादाचे मोल या आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहावे लागते.

आता भाषेचा प्रश्न. अशा घटनांविषयी मराठीत बोलण्याचे जे ठरलेले वाक्प्रचार आहेत, त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. ‘तिचे पाऊल वाकडे पडले’ या वाक्यात कर्ता आहे पाऊल; स्त्री त्या पावलाची केवळ धनीण आहे; आणि क्रियापद अकर्मक असल्यामुळे दुसऱ्या व्यक्तीला वाक्यात जागाच उरत नाही. ‘तिला दिवस गेले’ यात कर्ता दिवस, स्त्री चतुर्थीत. ‘तिला गर्भ राहिला’ याची रचनाही तीच. व्याकरणदृष्ट्या ही वाक्ये पूर्ण आहेत. त्यांत काही गाळले आहे, असे ऐकणाऱ्याला वाटतही नाही. पुरुषाचे नाव घेण्याचे टाळावे लागत नाही, कारण वाक्यरचनेनेच ते अनावश्यक करून ठेवले आहे. न्यायालयात पुढे जे घडते, ते या वाक्यांत आधीच घडून गेलेले असते. फुल्यांच्या निवेदनातसुद्धा स्त्रीचे नाव आहे, शास्त्र्याचे नाही. मात्र तेथे तो निदान कर्ता म्हणून वावरतो, हा फरक लहान नव्हे.

ताराबाईंनी हीच रिकामी जागा भरली. त्यांच्या निबंधाचे पूर्ण नाव ‘स्त्रीपुरुषतुलना अथवा स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हें स्पष्ट करून दाखविण्याकरितां हा निबंध’ असे आहे. या नावातील ‘साहसी’ हा शब्द आजच्या अर्थाने घेतल्यास पुस्तकाचा हेतूच हरवेल. आज ‘साहस’ म्हणजे धैर्य, धाडस. तो प्रशंसेचा शब्द आहे. धर्मशास्त्रात मात्र ‘साहस’ हे अठरा व्यवहारपदांपैकी एक असून बळजोरीने केलेल्या अपराधाचे ते नाव आहे. आणि अविचाराने केलेले कृत्य, हाही त्याचा जुना अर्थ आहे. संस्कृत नीतिवचनांत स्त्रियांच्या उपजत दोषांची यादी येते, तीत ‘साहस’ ठळकपणे दिसते. म्हणजे ताराबाईंचा प्रश्न ‘शूर कोण?’ असा नसून ‘अविचारी आणि अपराधी कोण?’ असा आहे. ज्या शब्दाने स्त्रीला दोषी ठरवीत, तोच शब्द त्यांनी तराजूत घातला आणि दुसऱ्या पारड्यात पुरुष बसविला. त्यांचे गद्य सर्वत्र पुरुषांना ‘तुम्ही’ म्हणून संबोधते. हे नुसते वक्तृत्व नव्हे. रूढ वाक्प्रचारांतून नाहीसा झालेला कर्ता द्वितीय पुरुषात परत आणण्याची ही रीत आहे.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. त्यांनी मुलीला मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीही शिकविली. पुस्तक पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. त्यावर टीकेची झोड उठली. १८८५ मध्ये फुल्यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्याची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. निबंध विस्मृतीत गेला, तो १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी संपादून पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत. मधल्या काळात १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९२९ मध्ये बालविवाहावर निर्बंध घालणारा कायदा झाला, १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने विधवेचा मिळकतीवरील हक्क दृढ केला आणि १८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. पाटाची गरज पुष्कळ अंशी सरली. जन्म लपविण्याचा अपराध मात्र २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे.

या सर्व पुराव्यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण तो स्पष्ट आहे. तरुणांचा अविचार आणि त्यांची गुप्तता ही शोकान्तिकेची दोन कारणे म्हणून मांडली जातात, तेव्हा त्या गुप्ततेला कोणी भाग पाडले आणि त्या अविचारात आणखी कोण सहभागी होते, हे दोन प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलेच पाहिजेत. दप्तरातील कागद ते प्रश्न विचारीत नाहीत, कारण ज्या भाषेत ते लिहिले गेले तीच या दोघांपैकी एकाला वाक्याबाहेर ठेवते. ‘पाऊल वाकडे पडले’ असे आजही मराठीत म्हटले जाते आणि ते पाऊल कोणाबरोबर चालत होते, हे आजही त्या वाक्यात सांगता येत नाही.