दाखल्यात न मावलेला बोजा

बुलडाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रम गावच्या एखाद्या विधवा बाईला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा असेल, तर मेहकरच्या तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. तिला आपल्या वावरावर सोसायटीचं पीककर्ज उचलायचं असेल, तर सातबारा आणि आठ-अ लागतो. दोन्ही कागद एकाच महसूल खात्याचे. एकावर ती किती मिळवते ते लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर जमिनीवर किती देणं आहे ते. मदत देताना सरकार पहिला कागद वाचतं आणि दुसऱ्यातले फक्त एकर मोजतं. जमीन गहाण आहे की मोकळी, हे गरिबी ठरवताना विचारलंच जात नाही. असं का झालं, ते या दोन कागदांच्या जन्मातच सापडतं, कारण ते वेगवेगळ्या भीतीतून जन्मले.

उत्पन्नाच्या दाखल्याआधी गरज सिद्ध करायला कागद लागत नव्हता. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर ज्या दुष्काळ संहिता तयार झाल्या, त्यांची कसोटी अंगमेहनतीची होती. भर उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू, असं सरकारनं धरलं. म्हातारे, आंधळे, ज्यांना काम होणार नाही, त्यांच्या याद्या गावातून करायच्या. ही कसोटी निर्दय होती. उपाशी माणसाला आधी राबवायचं आणि मग जेवू घालायचं. पण तिच्यात कर्जबाजारी माणूस सुटत नव्हता. घरी दहा एकर असूनही ज्याच्या कणगीत दाणा नाही, तोही खडीवर येऊ शकत होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या आणि 1977 च्या कायद्यानं पक्क्या झालेल्या रोजगार हमीत याच विचाराचं माणुसकीचं रूप दिसतं: जो काम मागेल त्याला काम, दाखला नको. आणि हिवऱ्यात तर शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमाच्या महोत्सवात पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगतीला हजारो माणसं बसतात, तिथं कुणाची ऐपत पाहिली जात नाही.

कर्जाचा कागद मात्र जुना आहे. रयतवारीत प्रत्येक शेताला मोजणीचा नंबर आणि ठरलेला सारा मिळाला, खातेदाराचा हक्क पक्का झाला, आणि पक्का हक्क तारण ठेवता येऊ लागला. नजरगहाण, ताबेगहाण, मुदतखरेदी असे त्याचे प्रकार. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, आणि पुढं गावोगावी खतं, रोखे जाळले गेले. त्यानंतर आलेला 1879 चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी होता. मुंबई इलाख्यात 1903 साली हक्कनोंदणीचा कायदा झाला.

मेहकर ज्या वऱ्हाडात येतं, त्याची वाट वेगळी. मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात 1933 साली कर्ज तडजोडीचा कायदा आला. मला या कुळकथेतला हा सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो. त्यातल्या तडजोड मंडळापुढं येणाऱ्या शेतकऱ्यानं आपली मालमत्ता आणि आपली सगळी देणी, दोन्ही मांडायची. नोटीस मिळूनही सावकारानं आपल्या येण्याचा तपशील दिला नाही, तर ते कर्ज फिटलं असं धरायचं. म्हणजे पुराव्याचं ओझं दोन्हीकडं. हातात काय आहे आणि डोक्यावर काय आहे, हे एकाच वेळी पाहून सवलत ठरवण्याची ही रीत याच मुलखात होती.

1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला, आणि 15 ऑगस्ट 1967 पासून राज्याची जमीन महसूल संहिता लागू झाली. पटवाऱ्याचा तलाठी झाला, तरी जुनी माणसं अजून पटवारीच म्हणतात. या संहितेच्या कलम 148 मध्ये हक्कनोंदीत कुणाची नावं असावीत ते सांगताना गहाणदाराचा उल्लेख आहे. गाव नमुना सातमधला ‘इतर हक्क’ हा रकाना त्यासाठीच. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 48 प्रमाणे सभासद सोसायटीला इकरार करून देतो, त्याचा फेरफार होतो आणि सातबारावर बोजा चढतो. रयतेचा हक्क सांभाळायला निघालेला हा कागद हळूहळू कर्ज देणाऱ्याच्या सोयीचा झाला.

उत्पन्नाच्या कागदाला शाळेच्या फीनं महत्त्व आलं. 1959 पासून आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना फी माफ झाली, मर्यादा पुढं वर्षाला 1,200 रुपये होती. त्या सवलतीनं खेड्यातल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर झाला. तिचं ऋण मोठं आहे. त्यात भीती एकच होती, सधन माणूस आत घुसेल. म्हणून फक्त मिळकत विचारली. पुढं सगळ्यांनी तोच साचा उचलला. 1980 ची निराधार योजना, 1999 ची तीन रंगांची शिधापत्रिका. पिवळ्या कार्डाला उत्पन्न 15,000 च्या आत हवं, शिवाय कोरडवाहू जमीन दोन हेक्टरपेक्षा जास्त नको. 2024 च्या जूनमध्ये लाडकी बहीण योजनेच्या पहिल्या निर्णयात पाच एकरांची अट होती. दाखल्यासाठी तहसीलवर रांगा लागल्या आणि काही दिवसांतच ती अट काढावी लागली. पाच एकर कोरडवाहू म्हणजे काय, हे मेहकरकडं कुणालाही विचारावं. एका पावसाच्या खंडानं तिथलं सोयाबीन जातं, आणि बोजा तसाच उरतो.

निराधार योजनेत विधवांसाठी बरीच वर्षं 21,000 रुपयांची मर्यादा चालत आली आहे. 2024-25 साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. त्या दरानं बाई 71 दिवस कामावर गेली, तर ती मर्यादेबाहेर जाते. खरं उत्पन्न लिहिलं तर मदत बुडते, म्हणून दाखल्यावर मर्यादेच्या आतला आकडा येतो. याचा दोष मी अर्जदाराला देणार नाही, तलाठ्यालाही नाही. आकडा खोटा करायला लावणारी मर्यादाच दोषी आहे.

बचतीबद्दल आपल्याकडं फारसं विचारत नाहीत. ब्रिटनमध्ये ते आधी विचारतात: 16,000 पौंडांहून जास्त बचत असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही. घरकर्जाच्या व्याजासाठीची मदतही तिथं एप्रिल 2018 पासून कर्ज म्हणूनच मिळते. म्हणजे देणं मोजलं जातं, पण ते अर्जदाराच्याच खात्यावर पुन्हा लिहिलं जातं.

आपल्याकडं कर्जाचा पुरावा सरकार मनापासून मागतं, पण फार उशिरा. बुलडाणा हा 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. त्याच वर्षापासून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत देताना नापिकी, थकलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा तपासला जातो. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं; हातउसनं मोजत नाहीत. ज्या बोजाकडं जिवंतपणी कुणी पाहिलं नाही, त्याचा उतारा घेऊन बायकोनं तहसीलला जायचं. एक लाखातले 30,000 हाती आणि 70,000 ठेवीत. मला हे सहन होत नाही.

माझं मागणं छोटं आहे. दाखल्याआधी तलाठी देतो त्या उत्पन्नाच्या अहवालात एक ओळ वाढवावी: इतर हक्कात किती बोजा आहे, आणि त्याचा वर्षाचा हप्ता किती. तो हप्ता उत्पन्नातून वजा करावा. यासाठी अर्जदाराकडून नवा कागद नको. सातबारा आता संगणकावर आहे, बोजा चढवण्या-उतरवण्याचे अर्ज ई-हक्क प्रणालीतून जातात, आणि अहवाल देणारा व फेरफार लिहिणारा माणूस गावात एकच आहे.