पोसायडन कोल्हापुरात कसा आला?

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात काशाची एक मूर्ती आहे. उंची वीतभरही नाही. मूर्ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. समुद्र आणि कोल्हापूर यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. मग पंचगंगेकाठच्या या गावात समुद्रदेव आला कसा? आठवी-नववीच्या मुलांना अनेक साधने पडताळून शोध घ्यायला शिकवायचे असेल, तर आम्हांला या प्रश्नाइतका चांगला प्रश्न दुसरा दिसत नाही.

एरवी प्रकल्पाच्या वहीत त्याचे उत्तर एका वाक्यात मिळते: ‘रोमन व्यापारी कोल्हापुरात राहत होते, हे या मूर्तीवरून सिद्ध होते.’ खाली चार-पाच पुस्तकांची नावे असतात. शिक्षकही पुस्तके मोजतात आणि गुण देतात. पण ती पुस्तके एकमेकांवरूनच उतरवलेली असतील तर? गावात एखादी गोष्ट पाच जणांनी सांगितली आणि पाचही जणांनी ती एकाच माणसाकडून ऐकलेली निघाली, तर साक्षीदार एकच धरायचा. म्हणून मुलांना पहिले काम द्यावे ते उलट चालत जाण्याचे: याने हे कोठून घेतले, त्याने कोठून, असे करत ज्याने स्वतः पाहिले त्याच्यापर्यंत पोहोचायचे.

तसे चालत गेलो की आपण ब्रह्मपुरीच्या टेकडीवर येतो. राजाराम महाविद्यालयातील प्रा. के. जी. कुंदनगार यांच्या देखरेखीखाली १९४४-४५ मध्ये तेथे खोदकाम झाले आणि तांब्याकाशाच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला. पोसायडन त्यातलाच. लगेच १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी टेकडीचे पद्धतशीर उत्खनन केले. त्यांचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. टेकडीत सातवाहन काळातील वस्ती आणि तिच्या पुष्कळ वर, बहमनी काळातील वस्ती असल्याचे त्यांनी थरांवरून दाखवले.

योगायोग असा की, त्याच १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर पाँडिचेरीजवळ अरिकमेडू येथे खोदत होते आणि तेथे रोमन मद्यकुंभांचे तुकडे व इटलीत घडलेली मातीची भांडी निघत होती. रोमशी असलेल्या व्यापाराचा विषय तेव्हा अभ्यासकांच्या डोक्यात ताजा होता. ब्रह्मपुरीच्या साठ्यातील परदेशी वस्तूच जास्त गाजल्या याला, आमच्या मते, हेही एक कारण असावे. साधन कोणत्या काळात लिहिले गेले हे पाहायचे ते यासाठीच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरवरील खंड १८८६ चा आहे. त्यात पोसायडन शोधून मिळणार नाही. मूर्ती तेव्हा जमिनीखालीच होती. गॅझेटिअरने सांगितले नाही म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. हे ऐकायला बाळबोध वाटते, पण मुले येथे हमखास अडतात.

आता काळाचा प्रश्न. थरावरून कळते ती वस्तू जमिनीत गेल्याची वेळ, घडल्याची नव्हे. आजीच्या लग्नातला तांब्या आज परसात पुरला, तर तो आजच्या थरात सापडेल. घडणीचा काळ ठरवायला शैली पाहावी लागते, इतर ठिकाणच्या तशाच वस्तूंशी तुलना करावी लागते. अमेरिकन अभ्यासक रिचर्ड डी प्यूमा यांनी कोल्हापूरच्या काशाच्या वस्तूंची अशी तपासणी करून १९९१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यातून दिसते ते असे: पोसायडन, सुरई, आरसा अशा थोड्याच वस्तू बाहेरून आलेल्या, बाकी बहुतेक साठा इथल्याच कारागिरांचा. ‘रोमन साठा’ हे नावच मग सैल वाटू लागते. स्वार बसलेला काशाचा सुंदर हत्ती याच साठ्यातला, पण त्याचे नाव वहीत क्वचितच येते!

दुसरा, अगदी स्वतंत्र साक्षीदार म्हणजे नाणी. कोल्हापूर परिसरात शिशाची व तांब्याची, धनुष्यबाणाचे चिन्ह असलेली नाणी एकोणिसाव्या शतकातच मिळाली होती. त्यांवर वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर आणि गोतमिपुत विळिवायकुर अशी तीन नावे येतात. यांतला आधीचा कोण, नंतरचा कोण? पंडित भगवानलाल इंद्रजींनी पाहिले की, काही नाण्यांवर जुना ठसा पुरता न पुसता नवा ठसा मारला आहे. माढरिपुताच्या नाण्यावर गोतमिपुताचा ठसा असेल, तर गोतमिपुत नंतरचा. ग्रंथाचा आधार न घेता क्रम लागला. वर्गात ओल्या मातीच्या चकतीवर दोन ठसे एकावर एक मारून दाखवा. मुले दोन मिनिटांत समजतात.

तिसरा साक्षीदार परदेशी. इ. स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीने भूगोल लिहिला. त्यात ‘हिप्पोकुरा’ या नगराचा राजा ‘बालेओकुरोस’ असा उल्लेख आहे. हा विळिवायकुरच असावा, असे रा. गो. भांडारकरांसह अनेकांनी मानले. नावे जुळतात खरी. पण टॉलेमी इकडे कधी आला नव्हता. तो इतरांच्या माहितीवर लिहीत होता. हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूरच का, यावर एकमत नाही. विळिवायकुर सातवाहनांचे सुभेदार की स्वतंत्र राजे, यावरही नाही. ‘पेरिप्लस’चा अनामिक लेखक टॉलेमीच्या आधीचा आणि स्वतः समुद्रावर फिरलेला. भडोच बंदरात इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे उतरत असल्याचे तो सांगतो. घाटावरच्या पैठण आणि तेर या पेठांची नावेही देतो. कोल्हापूर म्हणून ओळखता येईल असे नाव मात्र देत नाही.

एवढे मांडून झाल्यावर पुन्हा त्या वहीतील वाक्याकडे यावे आणि मुलांनाच छाटू द्यावे. मूर्ती बाहेरून आली: शैली सांगते. इथे वस्ती होती: थर सांगतात. इथे स्वतःची नाणी पाडणारी सत्ता होती: नाणी सांगतात. पश्चिम किनाऱ्यावर माल उतरत होता: पेरिप्लस सांगतो. ‘रोमन व्यापारी राहत होते’ हे यांपैकी कोण सांगते? माल हातोहात पुढे जातो, माणसाला त्याच्याबरोबर यावेच लागते असे नाही. कोल्हापुरी चपला आज दूरदेशी मिळतात.

मूर्ती येथे कशासाठी आली, हेही मुलांना विचारून पाहावे. देव म्हणून? शोभेची वस्तू म्हणून? की पुढेमागे वितळवून उपयोगी पडेल असे धातूचे मोल म्हणून? प्रत्येक उत्तर देणाऱ्याने एवढेच सांगायचे: ते खरे असेल तर त्या घरात मूर्तीशेजारी आणखी काय सापडायला हवे होते. मग १९५२ चा अहवाल उघडायचा.