शून्याचा अर्थ

मुंबई विमानतळाच्या प्रवासीसंख्येचा आलेख चढता आहे. 2023-24 मध्ये ती 5 कोटींच्या पुढे गेली. नांदेड-लातूरचा आलेख काढायला बसलो, तेव्हा मात्र सलग रेषा जमेना. विमान येते तेव्हा आकडा, बंद झाले की शून्य.

नांदेडच्या विमानतळाचा कायापालट झाला तो 2008 च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीनिमित्त. 2009 मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ व उस्मानाबाद येथील विमानतळ दीर्घ भाडेकराराने रिलायन्स समूहाकडे गेले. पुढे 27 एप्रिल 2017 रोजी ‘उडान’ योजनेच्या पहिल्याच विमानांत नांदेड–हैदराबाद सेवेचा समावेश झाला. तासाभराच्या उड्डाणाला ठरावीक जागांसाठी 2500 रुपयांची भाडेमर्यादा आणि कंपनीची तूट भरून काढायला तीन वर्षांचे अनुदान, असा तो हिशेब. ती सेवा चालवणारी ट्रूजेट कालांतराने थांबली. 2024 मध्ये स्टार एअर आली, तेव्हा नांदेडचा आकडा पुन्हा हलला.

लातूरला धावपट्टी 1991 पासून आहे, तरी नियमित प्रवासी सेवा तिथे रुजली नाही. मग लातूरला प्रवासीच नाहीत, असे म्हणायचे का? त्याच 2017 च्या उन्हाळ्यात लातूर–मुंबई एक्स्प्रेस बिदरपर्यंत वाढवली, तेव्हा आपल्या जागा जातील म्हणून लातूरकर रस्त्यावर उतरले होते. रेल्वेतल्या एकेका जागेसाठी भांडणारे गाव विमानतळाच्या तक्त्यात शून्य दिसते. तो शून्य लातूरच्या गरजेचा नाही, न आलेल्या विमानाचा आहे. मराठवाड्याचे नियोजन करणाऱ्यांनी तक्ता वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.