पदवी कोणतीही चालते?

अमरावती-अकोल्याकडच्या कुठल्याही अभ्यासिकेत नव्या मुलाला पहिला सल्ला मिळतो तो असा : "रेग्युलर कॉलेज कायले कराचं? मुक्तमधून डिग्री काढ, अन् पुण्याले जाय." लोकप्रशासन घेऊन बी.ए. करणारा तर तिथे कीव करण्याचाच विषय. लोकसेवा आयोगाला पदवी लागते, विषय लागत नाही. मग तीन वर्षं विषयात कशाला घालवायची? हा पूर्वपक्ष.

त्याच्याकडे पुरावे आहेत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२पासून वस्तुनिष्ठ झाली, वैकल्पिक विषय गेले, आणि दशकभर पदवीचा विषय खरोखरच निरुपयोगी ठरला. शिवाय दाखला घरचाच : पापळच्या पंजाबराव देशमुखांनी प्रबंध लिहिला तो वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर, आणि पुढे सांभाळलं देशाचं कृषी खातं.

यावर सोपं उत्तर हाताशी आहे. २०२५पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. १७५० गुणांतले ५०० वैकल्पिक विषयाचे, आणि त्या यादीत लोकप्रशासन आहे. पण हे उत्तर मी देणार नाही. आराखडा उद्या पुन्हा फिरला, तर माझं मंडनही त्याच्याबरोबर फिरायचं.

पूर्वपक्षाचं खरं मूळ १८५४च्या मेकॉले समितीत आहे. (हे नाव काढलं की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात; पडू द्या.) सनदी नोकर निवडताना त्याने कारभाराचं शिक्षण घेतलंय का ते बघू नका, उत्तम सर्वसाधारण शिक्षण बघा, असं समितीचं म्हणणं होतं. कारभाराची विद्या निवडीनंतर शिकायची. म्हणजे 'कोणताही विषय चालेल' याचा अर्थ 'कोणताही एक विषय तळापर्यंत शिकलेला हवा'. अभ्यासिकेने त्यातला 'कोणताही' तेवढा उचलला आणि 'शिकलेला' सोडून दिला. पंजाबरावांचा दाखला त्यामुळे पूर्वपक्षावरच उलटतो. ते वेद शिकले होते, प्रश्नसंच नव्हे.

आता लोकप्रशासनच का? वऱ्हाडात त्याची प्रयोगशाळा दाराशी आहे म्हणून. पुसदचे वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना १९६०मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. समितीच्या शिफारशी किती, हे स्पर्धा परीक्षेचा कोणताही विद्यार्थी झोपेतून उठवलं तरी सांगेल : २२६. पण बलवंतराय मेहता समितीचा भर तालुक्याच्या पातळीवर असताना नाईकांनी वजन जिल्ह्यावर का टाकलं? कलेक्टरला जिल्हा परिषदेबाहेर का ठेवलं? याला चार पर्याय देता येत नाहीत.

आणि हा प्रश्न पुस्तकी नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. उन्हाळ्यात टँकरची मंजुरी महसूलकडे, नळयोजना जिल्हा परिषदेकडे. गावचा सरपंच या दोन इमारतींमध्ये खेटे घालतो, तो नाईकांनी आखलेल्या त्या रेघेवरच चालत असतो. रेघ का आखली हे कळलेला पोरगा पुढे तहसीलदार झाला तर ठीकच. नाही झाला, आणि न होणारेच जास्त असतात, तरी अर्ज कुणाच्या टेबलावर टाकायचा आणि तो तिथे का अडला, हे सांगणारा एक माणूस गावाला मिळतो. पुण्यात पाच वर्षं खोलीभाडं भरून परतलेल्याच्या हाती काय असतं, ते वऱ्हाडातल्या बापांना विचारावं.

एक गोष्ट मात्र कबूल. कित्येक वर्गांत हे शिकवलंच जात नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पोरं 'अपेक्षित' आणतात, आणि अभ्यासिकेत पाठ होतो तो २२६ तिथेही तसाच पाठ होतो. तो खटला उभा राहिला, तर मी पूर्वपक्षाच्या बाजूने साक्ष देईन.