इंटरनेटवरील नावांचा सातबारा

नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षकांना सातबारा म्हणजे काय हे सांगायला नको. उताऱ्यावर भोगवटादाराच्या नावाइतकीच आणखी एक नोंद महत्त्वाची असते : वर्ग १ की वर्ग २? वर्ग १ ची जमीन विकण्याचा अधिकार सामान्यतः धारकाला असतो. वर्ग २ च्या जमिनीला आधी सरकारी परवानगी लागते. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६ अ मुळे आदिवासीची जमीन अशा परवानगीवाचून बिगरआदिवासीच्या नावावर चढत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे हे घरोघरी ठाऊक आहे. माती तीच असते. ती विकता येते की नाही, हे दप्तरातल्या नोंदीवर ठरते.

इंटरनेटवरील डोमेन नावांची गोष्ट पुष्कळशी अशीच आहे. मात्र हे दप्तर दगडमातीच्या जमिनीचे नव्हे, अक्षरांचे.

संगणक एकमेकांना क्रमांकाने ओळखतात. माणसांना क्रमांक लक्षात ठेवणे जड जाते, म्हणून नावे आली. सुरुवातीला जाळ्यातील सर्व संगणकांची नावे व क्रमांक एकाच यादीत असत. ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई आणि बाकीचे संगणक तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तशी यादी आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी उपाय सुचवला : यादी फोडायची. सर्वांत वर एक लहानसे मूळ दप्तर, त्याच्याखाली शाखांची दप्तरे, त्यांच्याखाली आणखी लहान दप्तरे. वरच्याने फक्त 'खालच्या अमुक दप्तरात विचारा' एवढेच सांगायचे. गावच्या जमिनीची माहिती मंत्रालयात नसते, तलाठ्याकडे असते, तसेच हे.

देशांच्या शाखांना दोन अक्षरी खुणा मिळाल्या. भारताची खूण 'इन', ऑस्ट्रेलियाची 'एयू'. ही दप्तरे कोणाच्या हाती द्यायची, हे त्या काळी जॉन पोस्टेल ठरवत. आणि ते दप्तर देत ते बहुधा एखाद्या विश्वासू तज्ज्ञाच्या किंवा संस्थेच्या हाती. ५ मार्च १९८६ रोजी ऑस्ट्रेलियाचे दप्तर मेलबर्न विद्यापीठातील रॉबर्ट एल्झ यांच्याकडे आले. ८ मे १९८९ रोजी भारताच्या खुणेची नोंद झाली आणि ते दप्तर मुंबईत, जुहूच्या 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' या सरकारी संशोधन संस्थेकडे आले. संस्थेचे प्रमुख होते श्रीनिवासन रमाणी. देशातील शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या 'अर्नेट' या जाळ्याच्या उभारणीत या संस्थेचा मोठा वाटा होता. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे नावांचे दप्तर त्याच्या सहा वर्षे आधीच उघडले होते!

नाव विकले जाते म्हणजे नेमके काय होते? विकणाऱ्याच्या संगणकातून काहीच हलत नाही. दप्तरात धारकाचे नाव बदलते, तलाठ्याच्या भाषेत फेरफार होतो. आणि नवा धारकही मालक नसतो. त्याच्याकडे असतो मुदतीचा भाडेपट्टा. 'इन'मध्ये ही मुदत एका वेळी १ ते १० वर्षांची असते. पैसे भरून ती वाढवावी लागते. भाडेपट्ट्याला किंमत का यावी? कारण एकाच शाखेत एकसारखी दोन नावे असू शकत नाहीत. चांगली नावे थोडी, मागणारे अनेक. मग कांद्यासारखीच नावांचीही साठेबाजी होते.

ऑस्ट्रेलियाने या साठेबाजीवर जो उपाय केला, तो मला वर्ग २ च्या जमिनीसारखा वाटतो. एल्झ यांच्या काळात व्यापारी नाव कंपनीच्या नोंदलेल्या नावाशी जुळावे लागे आणि एका कंपनीला एकच नाव मिळे. ते हे काम फुकट करत. अर्ज इतके वाढले की एका माणसाला ते उरकेनात, तेव्हा १९९६ मध्ये व्यापारी शाखेचे काम मेलबर्न विद्यापीठाच्याच 'मेलबर्न आयटी' या कंपनीकडे गेले आणि शुल्क सुरू झाले. १९९९ च्या डिसेंबरात या कंपनीचे भाग बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी त्यांची किंमत तिपटीहून वर गेली. काल फुकट ठेवल्या जाणाऱ्या दप्तराला आज बाजारात केवढा भाव आला!

पुढे 'ऑडा' ही संस्था दप्तराची व्यवस्थापक झाली, २००२ पासून अनेक विक्रेत्यांना नावनोंदणीचे काम मिळाले, पण जुनी अट राहिली. केवळ विकण्यासाठी नाव घ्यायचे नाही. धंदा विकला तर त्याच्याबरोबर नाव जाई. नुसते नाव विकता येत नसे. ही बंदी उठली १ जून २००८ ला. तरीही घेणाऱ्याचा ऑस्ट्रेलियाशी संबंध असलाच पाहिजे, ही अट कायम राहिली.

भारताचा प्रवास अधिक तुटक आहे. जुहूच्या काळात नियम कडक होते. १९९२ ते २००४ या काळात 'इन'मध्ये जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली. शंभर कोटींच्या देशाला हा आकडा शोभणारा नव्हता. लोक सरळ अमेरिकेतील 'डॉट कॉम'च्या दप्तरात गेले. मुंबईची 'रेडिफ' ही कंपनीही तिथलीच. तिच्या नावात एका अक्षराचा फरक करून दुसऱ्या कोणी 'रॅडिफ डॉट कॉम' घेतले, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळाले पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. या विषयावरील भारतातील अगदी सुरुवातीच्या निकालांत तो मोडतो.

२००५ च्या आरंभी 'इन'चे दप्तर 'निक्सी' या संस्थेने खुले केले. जानेवारीत आधी व्यापारचिन्हांच्या धारकांना संधी मिळाली, फेब्रुवारीत सर्वांना. भारतात राहण्याची अट नव्हती, एकाने किती नावे घ्यावीत याला मर्यादा नव्हती. २०११ पर्यंत संख्या १० लाखांवर गेली. दुष्ट हेतूने घेतलेले नाव परत मिळवण्यासाठी लवादाची सोय ठेवली गेली. म्हणजे ऑस्ट्रेलियाने आधी कुंपण घातले आणि मग फाटक उघडले. आपण फाटक उघडले आणि भांडणे सोडवायला पंच बसवले. मला स्वतःला पहिला मार्ग बरा वाटतो. पंचाकडे जायला वेळ आणि पैसा लागतो, आणि तो कंपनीकडे असतो, शाळेकडे नसतो.

शाळेचे नुकसान बहुधा निराळ्याच रीतीने होते. हौशी शिक्षक स्वतःच्या खिशातून नाव घेतात, त्यांची बदली होते, मुदत संपल्याची सूचना त्यांच्या जुन्या पत्त्यावर येते. सवलतीचे थोडे दिवस उलटले की नाव कोणालाही घेता येते. मग शाळेच्या स्मरणिकेत छापलेला पत्ता भलत्याच दुकानाकडे नेऊ शकतो. यावर वर्ग २ सारखी एक सोय आपल्याकडेही आहे : 'एसी डॉट इन' आणि 'एडीयू डॉट इन' या शाखांतील नावे शिक्षणसंस्थांसाठीच राखलेली आहेत आणि ती 'अर्नेट'कडून कागदपत्रे तपासून मिळतात. बाजारातील साठेबाजाला तिथे प्रवेश नाही.

२७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीतही नाव घेता येते. शेवटी 'भारत' लावायचे. ही सोय मराठीसह आठ भाषांसाठी एकदमच आली. पण संगणकाच्या दप्तरात देवनागरी नाव रोमन अक्षरे व अंकांच्या एका सांकेतिक रूपात साठवले जाते, आणि ते रूप प्रत्येक अक्षरचिन्हागणिक बदलते. त्यामुळे 'नंदुरबार', 'नंदूरबार' आणि 'नन्दुरबार' ही आपल्याला एकच वाटणारी नावे दप्तरात तीन ठरतात आणि ती तीन वेगळ्या माणसांच्या नावावर चढू शकतात. 'रेडिफ' आणि 'रॅडिफ' मध्ये निदान उच्चाराचा फरक होता. इथे एका ऱ्हस्व-दीर्घाचे काम आहे. आपल्या शाळेच्या फलकावर, शिक्क्यावर आणि दाखल्यावर यांपैकी कोणते रूप आहे, हे वर्गातील मुलांना एकदा पाहून यायला सांगावे.