उच्चाराची परीक्षा कागदावर कशी होणार?

'इष्टेशन' म्हणणारा माणूस अडाणी नसतो. आपल्या बोलीत 'स्त्री'ची 'अस्तुरी' झाली, तसंच 'स्टेशन'चं 'इष्टेशन' झालं. सुरुवातीलाच 'स'चं असं जोडाक्षर आलं की जीभ आधी एक स्वर घेते. संस्कृत शब्दाला जो न्याय, तोच इंग्रजीला. यात हसण्यासारखं काही नाही. तरी बारामती-इंदापूरची इंग्रजीत एम.ए. झालेली पोरं पुण्याला मुलाखतीत गप्प बसतात, ती उच्चाराला कुणी हसेल या धास्तीने. म्हणून हा थोडा इतिहास.

आपल्याकडे इंग्रजी डोळ्यांनी आलं, कानांनी नाही. आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली. व्याकरण पक्कं झालं, पण बोललेलं इंग्रजी कानावर पडायचं कुठे? 1949 ला पुणे विद्यापीठ झालं, 1962 ला बारामतीत तुळजाराम चतुरचंद कॉलेज निघालं. शेतकऱ्याच्या पोराला घराजवळ पदवी मिळू लागली, ही फार मोठी गोष्ट होती. मात्र इंग्रजी वाचून लिहायचा विषयच राहिलं.

याच काळात या प्रश्नावर पक्कं काम झालं होतं, आणि तेही एका पुणेकराने केलं होतं. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते. 1957 साली तिथल्या 'वर्ड' या नियतकालिकात त्यांचा 'मराठी इंग्लिश' नावाचा लेख आला. मराठी माणसाच्या इंग्रजीचा तो शास्त्रीय अभ्यास. पुढच्याच वर्षी हैदराबादला इंग्रजीची केंद्रीय संस्था सुरू झाली. तिथल्या आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी ऐकणाऱ्याला कितपत कळतं, हे मोजून पाहिलं. ते 1969 ला पुस्तकरूपात आलं. त्यांचा रोख साहेबासारखं बोलण्यावर नव्हता, समोरच्याला समजण्यावर होता. आणि न समजण्याचं एक मोठं कारण निघालं शब्दातला जोर चुकीच्या जागी पडणं.

हा जोर आपल्याला का जड जातो? बारामती ही मोरोपंतांची. त्यांची आर्या मात्रांवर चालते: लघूची एक, गुरूच्या दोन. आपला कान ऱ्हस्व-दीर्घावर पोसलेला. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची दबतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो.

वाक्याच्या चढउताराचंही तसंच. मराठीत आपल्याकडे 'च' आहे. 'मीच त्याला पैसे दिले', 'मी त्यालाच पैसे दिले', 'मी त्याला पैसेच दिले'. एक अक्षर सरकवलं की अर्थ सरकला. इंग्रजीत हे काम बहुतेक वेळा आवाज करतो: शब्द तेच, जोर कधी 'आय'वर, कधी 'हिम'वर, कधी 'मनी'वर. पोरांना एवढंच सांगितलं की 'तुझा च कुठे आहे, तिथे आवाज चढव', तरी निम्मं काम होईल. त्यासाठी लंडनला जायची गरज नाही.

मी इंदापूर तालुक्यातला. आमच्या एम.ए.ला ध्वनिशास्त्र होतं. जोराची खूण कागदावर बरोबर काढली की मार्क. तो शब्द तोंडाने म्हणून दाखव, असं दोन वर्षांत कुणी म्हटलं नाही. पोहण्याची परीक्षा वहीत घेतल्यासारखं ते होतं.

2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. ती पोरं आता पदव्या घेऊन बाहेर पडली. लिहितात चांगलं, बोलताना अडखळतात. ज्यांच्याकडे पैसा आहे ते पुण्यात स्पोकन इंग्लिशचे क्लास लावतात. बाकीच्यांनी काय करायचं?

आपल्या भागातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांना विनंती आहे. ध्वनिशास्त्राचे काही मार्क तोंडी परीक्षेला ठेवा. आठवड्यातला एक तास फक्त बोलण्याचा करा. मोबाईल प्रत्येकाकडे आहे, पोरांना स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकू द्या. आणि पहिल्याच दिवशी सांगा की मराठी वळण हा दोष नाही. समोरच्याला न कळणं ही अडचण आहे, आणि ती सुटते.

तुमच्या कॉलेजात असा तोंडी सराव होतो का? कमेंटमध्ये सांगा. जिथे होतो, तिथली पद्धत बाकीच्यांनाही कळू द्या.